फोन कोणाचा?

भातकुलीची एसटी फलाटाला लागली, तरी अचलपूरच्या स्टँडवर भाजीवाली माणिकबाई बँडवाल्या नईमला त्याचा फोन द्यायला तयार नव्हती. वांग्यांचा भाव करताना तो फोन तिच्या टोपलीतच विसरला होता.

कापसाचे हाल झाल्यापासून लोक बँडशिवायच लग्न उरकत होते. बऱ्याच महिन्यांनी नईमला लग्नात वाजवायची सुपारी मिळाली होती. वाजवणारी पोरं भातकुलीला पुढं गेली होती आणि मांडव कुठं आहे ते मुलीचा बाप याच फोनवर सांगणार होता.

"मावशी, माहाच हाय तो! मी नईम."

"नईम कोणीच नाही म्हनलं. मी फोन लावून लावून इचारलं. एक पोरगं म्हने, उस्तादचा. एक म्हातारी म्हने, पप्पूचा. एक बाप्या म्हने, बँडवाल्याचा."

"तिन्ही मीच!"

"एका मानसाले इतके नावं कावून लागतात?"

"घरी लावा. बायकोले इचारा."

माणिकबाईनं फोन लावला आणि स्पीकर मोठा केला.

"माय, हा फोन कोनाचा हाय?"

"अलीझा के अब्बा का," गजाला म्हणाली.

"त्यायचं नाव?"

पलीकडून बारीक आवाजात, "नाम कैसे लूँ, खाला?"

माणिकबाई विरघळली. "खरं हाय माय. मीबी मालकाचं नाव घेत नाही. नको घेऊ."

"घेऊ द्या ना!" नईम ओरडला. "गजाला, सुपारी चालली हातची!"

"आवाज तो उनकी ही है, खाला."

"आवाज कोनीबी काढते. फोन पायजे तर नाव पायजे."

कंडक्टरनं शिट्टी मारली. पलीकडून गजालाचा आवाज फुटला, "नईम! नईमुद्दीन! मेरे नईम को फोन दे दो!"

सगळा स्टँड वळून बघू लागला. माणिकबाईनं पदरानं पुसून फोन त्याच्या हातात ठेवला. तो लगेच वाजला. मुलीचा बाप होता. मांडव शाळेच्या मागं होता आणि वरातीला अजून बराच वेळ होता.

"चला, भातकुली!" कंडक्टर ओरडला.

नईम जागचा हलला नाही. निकाहाला इतकी वर्षं झाली, पण गजालाच्या तोंडून त्यानं आपलं नाव आज पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्यानं फोन पुन्हा माणिकबाईपुढं धरला.

"मावशी, गाडीच्या घरघरीत नीट ऐकू नाही आलं. अजून एक डाव इचारा ना."

"अन् गाडी?"

"जाऊ द्या. मागून दुसरी हाय."