कामकाजाची वेळ अकरा ते एक

सामंतकाकांच्या तळमजल्यावरच्या खिडकीला त्या दिवसांत एक पुठ्ठा लटकत असे : ‘कामकाज अकरा ते एक. गजांना हात लावू नये.’ आत टेबल, टेबलावर शिक्क्याची शाई, शिक्का मात्र नाही. लॉकडाऊनमध्ये शिक्के करणारं दुकान बंद होतं, याची काकांना शेवटपर्यंत खंत होती.

सरकारने घरकामगार, रिक्षावाले, बांधकाम मजूर यांच्यासाठी मदत जाहीर केली होती. विरारला आमच्या मनवेलपाड्यात बऱ्याच जणांना मोबाईलवर अर्ज भरता येत नव्हता. काकांना येत होता. काका सरकारी नोकर कधीच नव्हते. वसईतल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. “जन्मभर खिडकीबाहेर उभा राहिलो, आता आत बसून बघतो,” म्हणायचे. काकू गेल्यापासून घरात एकटेच.

मी सोसायटीची सेक्रेटरी. काम एका दमात उरकलेलं मला आवडतं. सगळ्यांची नावं, आधार, बँक खाती एका कागदावर लिहून मी काकांकडे नेली. त्यांनी न बघताच तो कागद टेबलाच्या खणात टाकला.

“सेक्रेटरीबाई, यादी वरच्या ऑफिसात चालते. आमच्याकडे माणूस समक्ष लागतो.”

आमच्या बिल्डिंगमध्ये धुणीभांडी करणारी रंजना समक्ष गेली. तिची सगळी कामं बंद होती, खोलीचं भाडं थकलेलं. घरकामगार म्हणून नोंदणी झालेली होती, तेव्हा मदतीवर तिचा हक्कच होता. काकांनी तिला खिडकीबाहेरच्या स्टुलावर बसवलं, गजांतून स्टीलच्या पेल्यात चहा दिला आणि चौकशी सुरू केली.

“अर्जदाराचं नाव?”

“काका, रोज तुमच्या दारावरून जाते मी.”

“नाव.”

“रंजना.”

“काल भाजी काय केली?”

हा रकाना कुठल्या अर्जात असतो, असं मी वरच्या गॅलरीतून विचारलं. काका मान वर न करता म्हणाले, “पडताळणी.”

शेवटी रेशनकार्ड निघालं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. “पुढची बाजू ठीक. मागची नीट दिसत नाही. उद्या या.” आणि मग, रांगेत कुणी नसताना, “पुढचा!”

दुसऱ्या दिवशी मागची बाजू दिसली, पासबुक राहिलं. मग पासबुकात नवऱ्याचं नाव आखूड निघालं. जाईल त्याची हीच गत. एक रिक्षावाला मला म्हणाला, “ताई, म्हातारा खऱ्या ऑफिसपेक्षा डेंजर आहे.” रंजनाच्या भाड्याची मला काळजी होती. खाली जाऊन काकांना सरळ सुनवायचं, असं मी ठरवलं.

त्याआधीच रंजना मोबाईल घेऊन जिन्यात भेटली. “ताई, हे बघा ना, पैसे आलेत का?”

पैसेच होते. सरकारकडून, तिच्या खात्यात. म्हणजे अर्ज काकांनी कधीच भरून टाकला होता, बहुतेक माझ्या त्या यादीवरून, पहिल्याच दिवशी. पुढच्या सगळ्या खेपा कशासाठी होत्या, ते आम्हा दोघींनाही जिन्यातच कळलं. रंजनाने मोबाईल पदराने पुसून पिशवीत ठेवला.

“चला, भाडं सुटलं,” मी म्हटलं. “आता पासबुक घेऊन कुठे निघालीस?”

“उद्या या म्हणालेत ना.”

ती खाली गेली, मागोमाग मी. पुठ्ठा लटकत होता, चहा तयार होता. पैशांचं तिने सांगितलं की नाही, मला ऐकू आलं नाही. पासबुक मात्र काकांनी पानं उलटून तपासलं आणि म्हणाले, “हं. तुमचं काम झालं.” आवाज जरा पडलेला होता. ‘पुढचा!’ म्हणायचंही ते विसरले.

रंजना स्टुलावरून उठली नाही.

“काका, पोरगी कॉलेजला आहे माझी. तिचा स्कॉलरशिपचा अर्ज भरायचाय. एका खेपेत नाही ना व्हायचा?”

काकांनी चष्मा काढून बनियनला पुसला, परत लावला.

“छे,” ते म्हणाले. “शक्यच नाही. मुलीला समक्ष आणा.”