बेडकाखालची माती

आमचे दिनकर भावजी कुणाच्याही बांधावर गेले की रामराम करायच्या आधी मूठभर माती उचलून हुंगायचे. मग विचारायचे, "औषध कधी मारलं व्हतं?" नारायणगावच्या बाजूला टोमॅटो करणाऱ्याला हा प्रश्न म्हणजे जेवलात का विचारण्यासारखाच. "कालच मारलं, भाऊ. परवा पुन्हा मारायचंय." भावजी माती टाकायचे, हात धोतराला पुसायचे आणि पुढच्या बांधाला लागायचे.

हे सगळं एका बेडकासाठी.

भावजी माझे धाकटे दीर. जाऊ वारली, मुलगा बायकोपोराला घेऊन पिंपरीला गेला, आणि माझ्या भिंतीपलीकडं हे एकटे राहिले. नातू रोहन मे महिन्यात आला तेव्हा त्यानं विहिरीवरचे दोन बेडूक धरले, माशांच्या काचेच्या पेटीत ठेवले आणि जाताना सांगितलं, "आबा, मी दिवाळीला येईन. तोपर्यंत सांभाळा." आबांनी ते फारच मनावर घेतलं. बेडूक जगला तर पोरगं येणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

पेटीच्या तळाला आधी त्यांनी बारीक खडी घातली. दिसायला छान. एका बेडकानं खायला टाकलेल्या झुरळाबरोबर खडा गिळला आणि फुगून मेला. भावजी गुरांच्या डॉक्टरांकडं गेले. ते आधी पोटभर हसले, मग म्हणाले, बेडूक कातडीनं पाणी ओढतो, मातीतलं औषध थेट अंगात जाईल. खडी काढा, मऊ आणि बिनऔषधाची माती घाला. तेव्हापासून हे हुंगणं.

चुलत पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही आंबेगावात वर, भीमाशंकरच्या रस्त्याला गेलो होतो. पोहे आले, मुलगी आली, भावजींचा पत्ता नाही. ते परसात उकिडवे बसून माती हुंगत होते आणि मुलीचा बाप मागं उभा होता.

"हितं औषध मारता का?"

"न्हाई."

"खत?"

"पालापाचोळाच कुजतो. का वो, पावणं?"

"लई भारी माती. अशीच पायजे व्हती."

बापाचं तोंड उतरलं. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, तुमाला पोरगी पायजे का जमीन?" मी काय सांगणार? बेडकाचं सांगितलं असतं तर आम्हाला वेड्यांचं घर म्हणाला असता. सोयरीक तिथंच मोडली. येताना जीपमध्ये भावजींच्या मांडीवर मात्र मातीची गोणी होती, तीही त्याच माणसाकडून मागून घेतलेली.

घरी आल्यावर त्यांनी ती माती, मुंग्या आणि गोमी मराव्यात म्हणून, माझ्या भाकरीच्या तव्यावर भाजली. मी म्हटलं, "आता बेडकाला कालवण काय करू?"

"कालवण न्हाई खात तो, वहिनी," भावजी गंभीरपणे म्हणाले.

माती गार झाली, ओली करून पेटीत पसरली. बेडूक तिच्यात अर्धा पुरून घेऊन बसला आणि चांगला जगला.

दिवाळीला रोहन खरंच आला. भावजी सकाळपासून काच पुसत होते. पोरानं पेटीकडं पाहिलं, "अजून आहे का हा?" म्हणाला आणि टीव्हीपुढं जाऊन बसला. भाऊबीज झाली, गाडी पिंपरीला गेली.

दिवेलागणीला मी लाडू द्यायला गेले. भावजी पेटीपुढं बसून माती ओली करत होते.

"सोडा की त्याला आता विहिरीवर," मी म्हटलं. "पोरगं येऊन गेलं."

त्यांनी मातीवर आणखी थोडं पाणी शिंपडलं. मग म्हणाले, "वहिनी, बेडूक किती वर्सं जगतो?"

"मला काय ठाऊक. का?"

"न्हाई, मोठा झाल्यावर कवातरी आठवण व्हईल पोराला. इचारलं तर दाखवाया पायजे."

मी लाडू फळीवर ठेवले. म्हटलं, "उठा. माझ्या मोरीत झुरळं पुष्कळ निघालीत. डबी घेऊन या."