दरबारानें अवडाईस बंदूक निवडून दिली त्याची हकीकत

श्रीगजाननाच्या पायीं माथा ठेवून, शस्त्रदेवतेस हळदकुंकू वाहून, आणि ज्यांनीं जन्मांत कधीं चाप ओढिला नाहीं परंतु बंदुकीवर मत देतात त्या थोरांस दुरूनच दंडवत घालून, शके सतराशें सहा, क्रोधी नाम संवत्सर, आश्विन मास, ते समयीं एका राज्यांत जें जाहलें तें लिहितों. राज्याचें नांव पुसूं नये. ऐशीं राज्यें बहुत आहेत.

त्या राज्यीं शिरस्ता ऐसा कीं, दसऱ्याचे दिवशीं शस्त्रपूजा जाहलियावर निशाणदारानें साठ पावलांवरून सागवानी फळीवर पांच बार काढावे, आणि फळीवरील शेंदराच्या टिळ्यांत तीन गोळ्या लागल्या तर निशाणदारीचें वतन त्याच घरीं चालावें, न लागल्या तर दरबार देईल त्यास मिळावें. वतन म्हणजे ओढ्याकाठचें घर, आठ बिघे जमीन आणि सिलेखान्यांत, म्हणजे शस्त्रांच्या कोठारांत, उठबस. मायाजी कोंडे निशाणदार त्या वर्षीं आषाढांत वारले. पोटीं पुत्र नव्हता, कन्या होती, अवडाई नामें, वय तीस, नवरा मोहिमेंत पडलेला, अंगकाठी लहान आणि नेम बापाहून सरस. हें खुद्द बापानेंच चारचौघांत सांगितलें होतें. तेव्हां घर राखावयाचें तर तिनेंच बार काढावे ऐसें ठरलें. ही गोष्ट दिवाण सखोपंतांस रुचली नाहीं, कारण त्यांचे मेहुणे तीन वर्षें पंतांचे घरीं जेवून ढेकर देण्याखेरीज दुसरा उद्योग करीत नव्हते, आणि हें वतन त्यांस द्यावें ऐसें पंतांचे मनांत होतें.

मग अवडाई सिलेखान्यांत गेली आणि बापाची थोरली बंदूक खांद्यास लावून तिनें अंगणांतल्या फळीवर बार काढिले. पहिला लागला, दुसरा लागला, आणि तिसऱ्यास खांदा आपणच आखडला, कारण खांद्यास टेकलेला लांकडी कुंदा असा लाथाडी कीं रेड्यानेंही शिकावें. तेथें इमाम कारागीर होते. तीस वर्षें नळ्या घडवून त्यांच्या बोटांस रेषा उरल्या नव्हत्या. अवडाई खांदा चोळीत त्यांस म्हणाली, "चाचा, फळी साठ पावलांवर. तिला एवढी गोळी कशाला?"

चाचा बोलिले, "कशालाच नाहीं. फळी काय उठून पळणार आहे? ही बंदूक धांवता घोडा पाडायला केलेली. तुझा बाबा अंगानें गडी होता, त्याला चालून गेली. तुला तमंच्याची लहान गोळी पुरे, पण नळी लांब पाहिजे, म्हणजे नेम ढळत नाहीं."

मग चाचांनीं वीस दिवस भट्टीपुढें बसून लांब नळी घडविली, तिचें छिद्र तमंच्याच्या गोळीचें ठेविलें, म्हणजे सिलेखान्यांत तमंच्याचा सांचा होता त्याच सांच्यांत गोळ्या ओताव्या, आणि कुंदा अवडाईच्या हाताच्या मापानें कापिला. शिसें थोडें, दारू चिमूटभर, आणि धक्का म्हणाल तर मांजरानें पाठ घासावी इतका. अवडाईनें दहा बार काढिले आणि नऊ टिळ्यांत लागले, ते ऐसे कीं वरून तळहात ठेविला तर सारीं भोकें झांकावीं. त्या दिवशीं ती घरीं गेली आणि बाप गेल्यापासून प्रथमच पोटभर जेवली.

परंतु त्या राज्याचा आणीक एक शिरस्ता होता, आणि तो ज्यानें काढिला त्याच्या नांवानें बोटें मोडावीं तितकीं थोडीं. निशाणदारानें बंदूक मारावी, निवडूं नये. निवडावी ती दरबारानें. मग पांच असामींची मसलत बैसली, दिवाण सखोपंत, चिटणीस, राजजोशी, पागनीस आणि एक वृद्ध सरदार, आणि आठ दिवस बैसली. दोन्ही बंदुका गालिच्यावर ठेविल्या, आणि पांचांनीं त्या आठ दिवस पाहिल्या, हुंगिल्या, वाजविल्या, परंतु मैदानांत नेऊन एक बार काढावा ऐसें एकासही सुचलें नाहीं. चिटणीस म्हणाले, थोरलीची लांबी दोन बोटें अधिक आहे, अधिक तें चांगलें. जोशीबुवांनीं दोहींची कुंडली मांडिली आणि धाकटीस मंगळ आहे ऐसें सांगितलें. पागनिसांचें म्हणणें, आवाज लहान, पाहुण्यांस ऐकूं आला नाहीं तर राज्याची काय शोभा राहिली. वृद्ध सरदारांचा तर तोल गेला. ते बोलिले, "तमंचा सरदाराच्या कमरेचा. त्याची गोळी प्याद्याच्या लांब नळींत घालावी आणि ती बाईमाणसानें मारावी? उद्यां आमची पगडीही तिच्या डोईस बांधा."

सखोपंत गालांतल्या गालांत हंसले. त्यांस गोळीचें कांहीं कळत नव्हतें, खांद्याचें मात्र कळत होतें. थोरली बंदूक अवडाईच्या हातीं दिली तर तिसरा नेम लागणार नाहीं हें ते पक्कें जाणून होते. त्यांनीं निकाल दिला कीं थोरलीच मुक्रर, आणि तिचा मान वाढावा म्हणून कुंद्याच्या टोंकास रुप्याचा पत्रा मढवावा. पत्र्यास उठावाची वेलबुट्टी काढविली. ज्या टोंकास खांदा टेकावयाचा त्या टोंकास टोंचणारी वेलबुट्टी काढविणारे हे शहाणे राज्य चालवीत होते.

अवडाईस हें कळलें तेव्हां तिच्या तळपायाची आग मस्तकास गेली. ती पदर खोंचून भर दरबारांत गेली आणि म्हणाली, "महाराज, नेम माझा, खांदा माझा, घर माझें. बंदूक तेवढी यांची कां?"

महाराज बैसल्या जागीं चुळबुळले आणि पंतांकडे पाहूं लागले. पंत म्हणाले, "बाई, पांच थोरांनीं आठ दिवस विचार केला आहे. तूं एकटी काय ती शहाणी?"

अवडाई म्हणाली, "पंत, तुम्हीं एकानें एक बार काढिला असता तर आठ दिवस लागले नसते."

महाराज भले होते, परंतु ज्या भलेपणाचा कोणास उपयोग नाहीं त्यास चाटावयाचें आहे काय? शिरस्ता मोडवत नाहीं ऐसें पुटपुटून ते उठून गेले.

मग दसरा उजाडला आणि पूजा जाहली आणि मैदानांत लोक लोटले. अवडाईनें खांद्यावर लुगड्याची घडी ठेविली, ती चोपदारानें काढविली, कां तर रुपें झांकतें. पहिला बार टिळ्यांत लागला. दुसरा लागला. लोकांनीं हर हर महादेव केला, आणि इमामचाचा मात्र खालीं पाहत उभे राहिले, कारण त्यांस पुढलें ठाऊक होतें. तिसऱ्यास वेलबुट्टी मांसांत रुतली, चोळी लाल जाहली आणि गोळी टिळ्याबाहेर दोन बोटें गेली. चौथ्या बारास काडकन वाजलें, तें पुढल्या रांगेस ऐकूं आलें, आणि गोळी मातींत गेली. हांसळीचें हाड मोडलें होतें. सखोपंतांनीं मेहुण्यांकडे पाहिलें, आणि मेहुणे अंगरखा नीट करूं लागले.

अवडाईनें तें पाहिलें. उजवा हात खालीं लोंबत होता. चाचा धांवत आले आणि म्हणाले, "पोरी, पुरे. माझेंही घर आहे, तेथें राहा." ती म्हणाली, "चाचा, ठासून द्या." मग चाचांनीं रडत रडत दारू ठासली आणि बंदूक तिच्या हातीं दिली, आणि तिनें डाव्या हातानें उजवा हात उचलून चापावर ठेविला आणि कुंदा त्याच मोडल्या हाडावर रोंवला, आणि श्वास धरिला आणि बार काढिला. गोळी टिळ्याच्या मधोमध लागली. अवडाई उताणी पडली.

महाराजांनीं शाबास म्हटलें. आणि सखोपंत, ज्यांची जीभ झडावी, ते पुढें होऊन म्हणाले, "महाराज, दरबारानें बंदूकच तैशी निवडली होती."

अवडाई चाचांच्या आधारानें उठून बैसली. महाराज म्हणाले, "बाई, वतन तुझें. आणीक काय पाहिजे तें माग." ती म्हणाली, "आणीक कांहीं नको. ज्या पांचांनीं ही बंदूक निवडली त्यांनीं हिचा एक एक बार काढावा, येथेंच, आतांच."

त्या दिवशीं एकवार महाराजांनीं पंतांकडे न पाहतां हुकूम केला. तत्क्षणीं जोशीबुवांस राहुकाळ आठवला, चिटणिसांचा लिहिता हात धरिला, पागनिसांस घोड्यांची वैरण पाहावयाची होती, आणि वृद्ध सरदार ऐकूं येत नाहीं ऐसें दाखवूं लागले. पंतांस पळतां आलें नाहीं. त्यांनीं डोळे मिटून चाप ओढिला. गोळी कोठें गेली तें अद्यापि कोणास ठाऊक नाहीं, पगडी शेणांत गेली, आणि पंत मातींत बैसून आईच्या नांवानें रडले. त्याच सांजेस मसलत पुन्हां बैसली, आणि घटकाभरांत पांचांच्या मुखीं एकच बोल, कीं निशाणास तमंच्याच्या गोळीची लांब बंदूक हीच योग्य, आणि ही सूचना मूळ दिवाणजींची.

मग वर्षानें ती धाकटी बंदूक हार घालून, वाजंत्री लावून अवडाईच्या दारीं पाठविली. वतन तिच्या हयातीपर्यंत कायम जाहलें होतें, बार काढणें माफ होतें. कारकून म्हणाला, "बाई, दरबारानें तुम्हांकरितां निवडली." तेव्हां शेजारीण तिची वेणी घालीत होती, कारण अवडाईचा उजवा हात डोईपर्यंत जात नव्हता. अवडाईनें डाव्या हातानें कुंदा चांचपून पाहिला. म्हणाली, "माझ्याच मापाची आहे," आणि बंदूक परत नेण्यास सांगितलें.

तात्पर्य इतुकेंच कीं, निवडणारांचा खांदा निराळा आणि सोसणाराचा निराळा. दफ्तरीं दिवाणजींची दूरदृष्टि लिहिली आहे. खरें काय जाहलें तें आम्हीं येथें लिहिलें. इति.