वरचं गेलं

मनोहरकाकांच्या गिटारीत कापूस भरलेला आहे. गंमत म्हणून लिहीत नाही. अमरावतीत आमच्या घरासमोरच त्यांचं घर आहे. दिवाळीनंतर नवा कापूस आला की ते ओट्यावर सतरंजी अंथरतात, गिटारीच्या पोटातला जुना कापूस तारेच्या आकड्यानं ओढून काढतात आणि नवा भरतात. तोही कुठलाही चालत नाही. धामणगाव रेल्वेजवळ त्यांचं घरचं वावर आहे, तिथं बांधालगत, धुऱ्याकडच्या दोन ओळी फक्त गिटारीसाठी देशी कापसाच्या असतात.

“बीटीनं आवाज फुगते,” त्यांनी मला एकदा समजावलं. “देशी पायजे, आखूड धाग्याचा. तो बसते बरोबर.”

कापूस कशाला, तर ही गिटार विजेवर वाजणारी असली तरी अर्धी पोकळ आहे. मधोमध भरीव लाकूड, दोन्ही बाजूंना पोकळी आणि वर इंग्रजी एफच्या आकाराची दोन भोकं. आवाज मोठा करणाऱ्या भोंग्याजवळ नेली की आवाज पोटात घुमतो आणि कुणी हात न लावता ती किंचाळायला लागते. कौंडण्यपूरच्या यात्रेत एकदा काकांच्या ऑर्केस्ट्राचा गायक डोळे मिटून आलाप घेत असताना ती अशी किंचाळली, की पुढं बसलेल्या बाया पोरं काखोटीला मारून उठल्या. तेव्हापासून कापूस सुरू झाला.

गिटार जपानी, मरून रंगाची. भुसावळचा एक इंजिन ड्रायव्हर बायकापोरांसकट ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा काकांनी त्याच्याकडून घेतली. दिवसा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे आणि लग्नसराईत, गणपतीत ही वाजवायची, असं त्यांनी तीस वर्षं केलं. आता काका शहात्तर वर्षांचे आहेत. वयामुळं एसटीत त्यांना तिकीट लागत नाही, तर हे कंडक्टरशी गिटारीच्या तिकिटावरून भांडतात. “अर्धी पोकळ हाय बाप्पा, पुरं तिकीट कावून?” कंडक्टर गिटारीचं तिकीट मागतच नसतो, हा भाग वेगळा.

मूळच्या गिटारीतलं आता लाकूड तेवढं शिल्लक असेल. बाकी सगळं काकांनी बदललं. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी त्यांनी बैलाच्या शिंगाची घासून केली. तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाची गुंडाळी जळली, तेव्हा ते ती घेऊन विहिरीच्या मोटारी भरून देणाऱ्याकडे गेले. त्यानं उलटसुलट पाहून विचारलं, “किती एचपीची हाय?” काकांनी शांतपणे सांगितलं, “लई कमी. पन पानी डोयातून काढते.” त्यानं भरूनही दिली.

कुसुमकाकूंचा या सगळ्यावर कधी राग नव्हता. एकदा फक्त त्या आमच्या दारात येऊन म्हणाल्या, “माह्या मिक्सरचं बटन कुठीसा दिसलं काय?” ते गिटारीवर होतं. काकूंचा आवाज मुळातच फार बारीक. भाजीवाल्यालाही दोनदा सांगावं लागे. नवरा गिटारीला ‘ही’ म्हणतो आणि आपल्याला ‘घरची’, एवढीच त्यांची तक्रार असायची, तीही हसत.

तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. शेवटचे आठ-दहा दिवस घरीच होत्या. मूलबाळ नाही, त्यामुळं आम्ही शेजारीपाजारीच आळीपाळीनं बसायचो. पुढं दोनेक महिने काकांनी गिटारीला हात लावला नाही. मग एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. गिटार मांडीवर होती, शेजारी भोंगा होता आणि तोंड उतरलेलं.

“वरचं गेलं गा हिचं,” ते म्हणाले.

म्हणजे बारीक तारांचा, वरच्या पट्टीतला आवाज गेला. त्यांनी वाजवून दाखवलं. माझ्या तर कानात सुई टोचल्यासारखं झालं. मी म्हटलं, मला येतोय ऐकू. “तू मराठीचा मास्तर. तुले सुरातलं काय समजते?” असं म्हणून त्यांनी मला घरी पाठवलं. त्यात खोटं काही नव्हतं.

तेव्हापासून जो भेटेल त्याला ‘वरचं गेलं.’ दूधवाल्याला, गॅसवाल्याला, सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना. त्यांनी तारा बदलल्या, वायरी बदलल्या, चुंबक पुन्हा दोनदा भरून आणलं. शेवटी, कापूसच वरचा आवाज खातो असं ठरवून एका दुपारी सगळा कापूस काढून टाकला आणि भोंगा मोठा केला. गिटार अशी किंचाळली की गल्लीतली झाडून सगळी कुत्री त्यांच्या दारात गोळा झाली. आम्ही कानात बोटं घालून धावलो, तर काका खिडकीतून विचारत होते, “हे कुत्रे कावून भुकून रायले?”

कापूस पुन्हा आत गेला, पण त्या दिवसापासून गल्लीत म्हणायला लागले, वरचं गिटारीचं नाही, मनोहररावांचंच गेलं. सगळे हसले. मीही हसलो. आता लाज वाटते.

अकोल्यात स्टेशनजवळच्या बोळात हमीदभाईंचं दुकान आहे. जुने रेडिओ, अँप्लिफायर दुरुस्त करतात. ऑर्केस्ट्राच्या काळापासूनची दोस्ती. दर दोन महिन्यांनी काका गिटार घेऊन त्यांच्याकडे जातात. मागच्या महिन्यात गुडघा दुखत होता म्हणून मला सोबत नेलं. हमीदभाईंनी गिटार उघडली, फुंकर मारली, फडक्यानं पुसली आणि बंद केली. काका हात धुवायला मागं गेले तसे ते माझ्याकडे वाकले.

“मास्तर, दोन साल झाले, मी फकत खोलतो अन् बंद करतो. गिटार एकदम चांगली हाय. आवाज खानारा कापूस गिटारमंदी नाई, यायच्या कानात हाय. माह्याच्यानं सांगवत नाई. तुमी सांगा.”

आता हे माझ्या गळ्यात. परतीच्या एसटीत इंजिनाच्या घरघरीत सांगणं शक्य नव्हतं. मूर्तिजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली, इंजिन बंद झालं, ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. काका गिटार मांडीवर आडवी धरून म्हणाले, “काई फरक नाई पडला गा.” मला एकाएकी सहन झालं नाही. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हटलं, “काका, गिटार चांगली हाय. कान गेला तुमचा. डॉक्टरकडे जाऊ आपण.”

मला वाटलं होतं चिडतील. चिडले नाहीत.

“मंग तवाही गेलाच असन,” ते म्हणाले.

“केव्हा?” मी कानाशीच विचारलं.

“घरची गेली तवा. त्या संध्याकायी तिनं मह्याकडे पाहून ओठ हालवले. मले वाटलं, नुसतेच हालले. मी आपलं हो म्हटलं. मंग ती बोललीच नाई. कान चांगला असला तं ती काई बोलली नाई. कान गेला असला तं बोलली, अन् मी कायले तरी भलत्यालेच हो म्हणून बसलो. तीन वर्स झाले मी हेच पाहून रायलो.”

तीन वर्षं मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. त्यांनी कधीही हाक मारून मला विचारलं असतं. विचारलं नाही. गिटारीचीच तपासणी करत बसले; बिघाड तिच्यात निघाला, तर कान चांगला.

“तू होता ना तिथं,” ते म्हणाले. “काई बोलली काय ती?”

मी होतो. पाण्याचा तांब्या घेऊन उशाशी उभा होतो आणि मला नीट ऐकू आलं होतं. यांनी उत्तर दिलं म्हणजे यांनाही आलं, असं धरून चाललो होतो. मी हळू सांगून पाहिलं. त्यांनी कानाला हात लावला. पुन्हा सांगितलं. नाही. मग मी भर गाडीत ओरडलो, “जेवले काय तुमी?”

पुढच्या सीटवरचा फेटेवाला म्हातारा वळून म्हणाला, “नाई बाप्पा, आता घरीच.”

“असं विचारलं काकूंनी,” मी काकांच्या कानात म्हटलं. “जेवले काय तुमी, एवढंच. तुम्ही हो म्हटलं, अन् त्यांनी डोळे मिटले.”

गिटारीवरून काका उगाचच हात फिरवत होते.

“सकायपासून अन्नाचा कण नव्हता मह्या पोटात,” ते म्हणाले. “खोटं बोललो गा मी तिच्यासंग.”

“बरं झालं, काका,” मी म्हटलं. आवाज जमेल तेवढा मोठा काढला. “नाही म्हटलं असतं तर तुमच्या जेवणात जीव अडकला असता त्यांचा.”

काका माझ्या तोंडाकडे बघत होते. मग मान हलवून “हो, हो” म्हणाले. त्यांना ऐकू आलं की नाही, ते मला कळलं नाही.