मावशीनं काही आणू नकोस म्हटलं होतं

एका जंगलात, म्हणजे रस्ते आणि बिल्डर वगळले तर आपल्याकडच्यासारख्याच एका जंगलात, मृदुला नावाची साळुंकी राहायची. साळुंकीचं नाव मृदुला कुणी ठेवलं, असं विचारू नका, मुलांनो. आत्या सगळीकडे असतात.

मृदुलाच्या कुमुदमावशीला समुद्रापलीकडच्या जंगलात दिलं होतं. तिला पाहून तीन वर्षं झाली होती. मृदुला उडायला शिकताना धपकन पडली, तेव्हा याच मावशीनं तिला गवतातून उचलून घरट्यात आणलं होतं. मृदुलाचा तिच्यावर भारी जीव. यंदा तिनं हट्टच धरला, की मावशीकडे जाणार, आणि एकटीच जाणार.

परतीच्या धोबीपक्ष्याबरोबर मावशीचा निरोप आला. "ये गं पोरी. फक्त काही म्हणजे काही आणू नकोस. तू आलीस की सगळं आलं."

ऐकून मृदुलाला भरून आलं. आईनं मात्र लगेच गोडा मसाला भाजायला घेतला.

"अगं, ती नको म्हणालीय," मृदुला म्हणाली.

"तसं म्हणायचं असतं," आई म्हणाली.

आता कुणी परदेशी निघालं की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच. सकाळी सकाळी सुतारपक्षी दारात. त्याचा मुलगा तिकडे होता आणि सुनेला तिकडचे पोळपाट पसंत नव्हते. त्यानं सागाचा पोळपाट आणला होता. एवढासा तर आहे, पंखाखाली सहज मावेल, असं त्याचं म्हणणं. स्वतःच्या पंखाखाली घालून दाखवायला मात्र तो तयार झाला नाही.

मग कोकिळाबाई आल्या. त्यांचाही मुलगा तिकडेच. त्याला अंड्यात असतानाच कावळ्यांच्या घरट्यात टाकून बाई गाण्याचे कार्यक्रम करत हिंडल्या होत्या. आता त्याला म्हणे आईच्या हातच्या चकल्यांशिवाय करमत नव्हतं. हे सांगताना त्यांनी डोळेही पुसले. चकल्यांच्या डब्यावर कावळिणीचं नाव कोरलेलं होतं.

मृदुला नाही म्हणू शकली नाही. लहानांनी नाही म्हणायची त्या जंगलात पद्धत नव्हती.

किनाऱ्यावर बगळेसाहेब ड्यूटीवर होते. एका पायावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवणं ही त्यांची नोकरी. त्यांनी गाठोडं उचलून पाहिलं आणि सांगितलं, की एवढं ओझं घेऊन आजवर कुणी समुद्र ओलांडलेला नाही, निम्मं काढा. आईनं निम्मं काढलं आणि मृदुलाच्या गळ्यात बांधलं.

"ही पर्स आहे," आई म्हणाली. "पर्स मोजत नाहीत."

बगळेसाहेबांनी नियम आठवून पाहिला. पर्स खरंच मोजत नव्हते.

मृदुला उडाली. पोचल्यावर कळव, असं आई मागून ओरडून सांगत राहिली. कसं कळवायचं, ते तिनं सांगितलं नाही.

पहिला तास बरा गेला. मग पंख भरून आले. मग शेपटीला पाणी लागलं. आपण मावशीपर्यंत पोचत नाही, इथंच बुडतोय, हे मृदुलाला स्वच्छ कळलं आणि ती रडायला लागली. रडण्यानं वजन कमी होत नाही, हेही कळलं. मग तिनं पोळपाट सोडला. पोळपाट मजेत तरंगायला लागला, तशी त्यावर टेकून तिनं दम खाल्ला. नंतर चकल्या माशांना वाटल्या. राहिला आईचा मसाला. तो काही सोडवेना. पण पलीकडचा किनारा अजून लांब होता, आणि काही आणू नकोस असं मावशी स्वतः म्हणाली होती. मृदुलानं डोळे मिटून चोचीनं गाठ तोडली. तेवढ्यात वारा आला आणि अर्धा मसाला तिच्याच अंगावर उडाला. शिंकत शिंकत ती पुढे निघाली.

दिवस मावळायला ती पोचली. मावशीनं तिला पंखांत घेतलं. मग तिच्या मागे पाहिलं.

"सामान मागून येतंय का गं?"

मृदुलानं घडलं ते सगळं सांगितलं. बरं केलंस, जिवापेक्षा का मसाला जास्त आहे, असं मावशी म्हणाली. तोंड मात्र तिचं एवढंसं झालं. मग ती एकदम थांबली. तिनं मृदुलाच्या मानेचा वास घेतला. परत घेतला. आणि ढसाढसा रडायला लागली.

"मलापण तुझी फार आठवण यायची, मावशी," मृदुलाही रडत म्हणाली.

"हलू नकोस," मावशी म्हणाली.

तिनं मृदुलाखाली केळीचं पान पसरलं. मग तिचा एकेक पंख हलक्या हातानं झटकला, शेपूट झटकली, डोकं झटकलं. तीन वर्षांनी त्या घरात आमटीला घरचा वास आला. मावशी भुरके मारत जेवली. जेवण झाल्यावर तिनं मृदुलाला कुशीत घेतलं आणि आठ दिवस अंघोळ करायची नाही, अशी प्रेमानं ताकीद दिली.

"म्हटलं होतं ना," ती म्हणाली, "तू आलीस की सगळं आलं."

तात्पर्य: नातेवाइकांना आपण हवे असतो, आपलं सामान नव्हे. मात्र जाण्यापूर्वी मसाल्यात नीट घोळून घ्यावं.