मोटारीची कास

मोटार तयार झाली, पण तिच्यात बसायला बबनरावांच्या घरातलं कोणी तयार होईना.

तीन वर्षं खपून त्यांनी ती मंगरूळपीरच्या आपल्या गोठ्यात जोडली होती. इंजिन मोडीत निघालेल्या लॉरीचं, चौकट बाभळीची, बैठक बैलांच्या जुन्या दमणीची. धूर सोडणाऱ्या चार नळ्या मात्र उघड्याच राहिल्या होत्या. हँडल मारलं की त्या अशा गरजत की पहिल्याच दिवशी दोन बैल दावं तोडून पसार झाले. लोक हसायचे ते हसले, पण खुद्द पत्नीने, चतुराबाईंनी, अट घातली.

“आखाजीले मी मोटरनं मेडशीले येतो, असं चंदा वहिनीले भर मांडवात सांगून बसली मी. पन हा आवाज बंद झाला तंच बसीन. नाही तं आपली बैलगाडी बरी.”

नवऱ्याची मोटार दारात आणि बायको बैलगाडीतून माहेरी! गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती.

चारही नळ्या एकत्र आणून त्यांना एकच तोंड करायचं, एवढं त्यांना कळत होतं. आधी त्यांनी स्वतःच रॉकेलच्या डब्याचा पत्रा वळवून पाहिला. तो पहिल्याच धडाक्याला उडाला आणि शेजारच्या हौसाबाईंच्या कुरड्यांच्या वाळवणात जाऊन पडला. हौसाबाई काय बोलल्या ते सांगण्यासारखं नाही.

मग ते हिरालाल तांबटाकडे गेले. हंडे-घागरी ठोकण्यात त्याच्या तीन पिढ्या गेलेल्या. त्याने बबनरावांनी काढून आणलेलं चित्र उलटसुलट करून पाहिलं.

“मालक, ही तं गाईची कास हाय. सड तेवढे वरतं केले तुमी.”

“तसंच समज. चार सडांतून आत, एका तोंडानं बाहेर. पोट मोठं ठेव, आवाज आतच मुरला पाह्यजे.”

आठ दिवसांत कास आली. तांब्याची, लखलखीत, पाणी भरून तपासलेली. बबनरावांनी ती बसवली, हँडल मारलं, आणि मोटार रवंथ करणाऱ्या म्हशीसारखी शांत उभी राहिली. ते हरखून दर्ग्यापर्यंत गेले. परत फिरताना तापलेल्या कासेतून रस्त्यावर चांदीसारखे थेंब पडू लागले. मग एक नळी सुटली, मग दुसरी, आणि बाजारपेठेत शिरताना चारही नळ्यांची सरबत्ती सुरू झाली. बबनराव तसेच हिरालालच्या दुकानावर गेले.

“काय घातलं होतं रे यात?”

“कलई,” हिरालाल म्हणाला. “आतून झकास कलई केली, सांधेबी कथलानंच भरले.”

“मोटरले कलई कायले?”

“तांब्याचं भांडं हाय मालक. बिनकलईचं देलं अन् आतलं कळकलं, तं लोक माह्याच नावानं बोंबलतीन.”

“आत काय ताक ठेवून राह्यलो का मी? धूर हाय धूर!”

“अन् धूर कळकला तं?”

शेवटी हिरालालने सांधे पितळेने जोडून दिले, कलई खरवडून टाकली, पण ही बिनकलईची कास त्याच्या हातची आहे हे कोणाला सांगणार नाही, अशी शपथ बबनरावांकडून घेतली.

अक्षय्य तृतीयेला, आखाजीच्या पहाटे, चतुराबाई शालू नेसून, नथ घालून बसल्या. कास टिकली. पंधरा कोसांत एक सांधा हलला नाही. आवाज नसल्यामुळे चतुराबाई मेडशीपर्यंत बोलत होत्या आणि बबनरावांना त्यातला शब्दन्‌शब्द ऐकावा लागला.

भर दुपारी मोटार चतुराबाईंच्या भावाच्या, जगदेवच्या, दारात उभी राहिली. कोणी बाहेर आलं नाही. उन्हात सगळी आळी सामसूम. चतुराबाई पदर सावरून वाट पाहत राहिल्या. तेवढ्यात आतून जगदेवशी बोलणाऱ्या चंदाबाईंचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

“मोटर कायची येते? तुमचे मेव्हणे तीन वर्सांपासून लोखंड जोडून राह्यले. वन्सं बसल्या असतीन बिचाऱ्या बैलगाडीत, हाडं खिळखिळी करत.”

चतुराबाई बबनरावांकडे वळल्या.

“मोटर मांगं घ्या,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

“काहून?”

“वेशीपर्यंत. अन् ती कास काढा.”

“अवं, तूच तं म्हनली होती...”

“काढा म्हनलं ना!”

मोटार मागे जात नसे. ती सोय करायची राहून गेली होती. म्हणून बबनरावांनी इंजिन बंद केलं, चतुराबाईंनी शालूचा काष्टा खोचला, आणि दोघांनी मिळून मोटार एक चकार शब्द न काढता वेशीपर्यंत ढकलत नेली. पाना बबनरावांनी फिरवला, तापलेली कास मात्र चतुराबाईंनीच ओल्या फडक्यात धरून ओढली.

मग हँडल मारलं आणि मेडशी जागी झाली. कुत्री भुंकत शेताकडे पळाली, बाया-माणसं दारादारांत आली, कोणाचा तरी गोऱ्हा दोर तोडून निघाला. जगदेव धोतर सावरत बाहेर धावला. त्याच्या मागे चंदाबाई, दोन्ही कानांत बोटं घालून, तोंड उघडं टाकून उभ्या.

बबनरावांनी मोटार दारात थांबवली.

“उतर ना वं आता!” ते ओरडले.

“घाई काय हाय?” चतुराबाई त्यांच्याहून मोठ्याने ओरडल्या. “मारोतीच्या देवळापासून एक फेरी मारा. तिकडच्या लोकाइले ऐकू नसंन गेलं.”