कळमेश्वरकडचा योद्धा

हाड हातात आलं की मी माणसाची कुंडली मांडतो, मग तो तीन हजार वर्षांपूर्वी का मेलेला असेना! ही फुशारकी मी नागपुरात निदान पन्नास ठिकाणी मारली आहे.

त्यामुळे कळमेश्वरकडच्या एका खेड्यात, जुन्या शिळावर्तुळाच्या टेकाडात सांगाडा निघाला तेव्हा मी उभ्या उभ्या जाहीर केलं, लोहयुगातला योद्धा. डावी मांडी मोडून वाकडी जुळलेली, म्हणजे लढाई. पुढचे दोन दात गायब, म्हणजे गदा. बरगडीखाली शर्टाचं बटन निघालं, ते मजुराचं समजून पाकिटात टाकलं. पेपरात आमचा दोघांचा फोटो आला. जास्त दात माझे दिसत होते.

आठवड्याने त्याच गावच्या कांताबाई तो पेपर घेऊन प्रयोगशाळेत आल्या. वय पंच्याहत्तरच्या पुढे. टेबलावरचं मांडीचं हाड पाहिलं आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"हे आमचे मामाजी होय. शालिकराम. बैलानं पाडलं होतं, तवाच पाय मोडला अन् दात गेले."

मी त्यांना लोहयुग समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"बटन सापडलं काय? हिरवं? पांढरं नव्हतं घरात, म्हणून मीच लावून देल्लं होतं."

पाकीट उघडलं. हिरवंच होतं.

लग्न होऊन त्या घरात आल्या त्याच वर्षी मामाजी, म्हणजे त्यांचे सासरे, टेकाडावर मुरूम खणायला गेले, ते परतलेच नाहीत. दरड अंगावर आली असणार. गावाने मात्र ठरवलं, छिंदवाड्याच्या बाईसोबत पळाला. सासू एकतीस वर्षं सकाळी त्यांच्या नावाचं कुंकू लावायची आणि संध्याकाळी त्यांनाच शिव्या घालायची. मेली तीही शिवी देतच.

तपासणीचा अहवाल आला. हाडं साठ वर्षांच्या आतली. विभागप्रमुखांनी माझ्याशी बोलणं सोडलं, हाडं पोलिसांनी नेली आणि पेपरवाल्यांकडे खुलाशाला जागा नव्हती.

कांताबाई पुन्हा आल्या. हाडं मिळायला वेळ लागेल, असं मी चाचरत सांगितलं.

"लागू द्या. मामाजी पळाले नव्हते, एवढं कागदावर लिहून द्या. सासूच्या फोटोले लावून ठेवीन."

मी लिहिलं, सही केली, शिक्काही मारला. माझे बावीस शोधनिबंध छापून आलेत. कुणी घरी मागून नेलेलं माझं लिखाण एवढंच, दोन ओळींचं.